उशीखालची बाटली

सप्टेंबर २०२० मध्ये कोविडसाठीची 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली, तेव्हा आमच्या गल्लीच्या आशाताई दारात आल्या. एका हातात थर्मामीटर, दुसऱ्या हातात बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर. ताप नाही, खोकला नाही, ऑक्सिजन ९८. वहीत बरोबरच्या खुणा करत त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला, "सर, वास येतो ना?" मी शिक्षक माणूस, आशाताईंसमोर खोटं बोलणं जिवावर आलं. म्हटलं, "नाही येत." ताईंचा पेन थांबला. "कधीपासून?" म्हटलं, "झाली असतील सहा-सात वर्षं."

वहीत 'कधीपासून'ला रकाना नव्हता. त्यांनी 'वास येत नाही' एवढंच लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वॅब द्यायच्या रांगेत उभा होतो. रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण तो येईपर्यंत मी वरच्या खोलीत, ताट जिन्याच्या चौथ्या पायरीवर, आणि गल्लीतले लोक आमच्या दारावरून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं. मला त्याचं काहीच वाटलं नाही. वास न येणं हा माझ्या लेखी आजारच नव्हता. माझं नाक असंच आहे, एवढंच मला माहीत होतं.

आमचं घर अमळनेरजवळच्या एका गावात. दिवाळी तोंडावर आली की कापूस भरलेल्या गाड्या जिनिंगकडे निघतात, रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकतात, आणि माझं नाक वाहायला लागतं. सकाळी उठल्या उठल्या पंधरा-वीस शिंका. आई आतून मोजायची. मग नाक वाहणं थांबून ते बंद व्हायचं ते थेट होळीपर्यंत. गावात यावर एकच निदान चालतं: "नाकाचं हाड वाढलंय." आमच्याकडे प्रत्येक चौथ्या माणसाच्या नाकाचं हाड वाढलेलं असतं. न्हाव्यापासून कंडक्टरपर्यंत सगळे ते सांगू शकतात आणि सगळे पुढे हेही सांगतात की ऑपरेशन करू नको, पुन्हा वाढतं.

मी ऑपरेशन केलं नाही. २०१० च्या हिवाळ्यात मेडिकलवरून थेंबांची एक बाटली आणली. झायलोमेटाझोलीन असं लांबलचक नाव, पण दुकानात ते कुणी घेत नाही. 'नाकाचे थेंब' म्हटलं की पुरतं. दोन-दोन थेंब टाकले, मान मागे केली, आणि मिनिटभरात नाकातून वारा असा आत शिरला, जणू गढीचं दार उघडलं. त्या रात्री मी तोंड मिटून झोपलो. बायको म्हणाली, घोरला नाहीस.

बाटलीच्या खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हे मोजकेच दिवस वापरा. डॉक्टर लोक तीन ते पाच दिवस सांगतात, फार तर आठवडा. मी अकरा वर्षं वापरले.

हे एकदम झालं नाही. आधी रात्री एकदा. मग सकाळी एकदा, शाळेत नाकातून बोलतो म्हणून. मग दुपारीही, कारण सकाळचा असर तिसऱ्या तासाला उतरायला लागला. एक बाटली उशीखाली, एक मोटरसायकलच्या टूलबॉक्समध्ये, एक स्टाफरूमच्या कप्प्यात खडूंच्या खोक्यामागे. शर्टाच्या खिशातली वेगळी. मेडिकलवाला मला लांबून येताना पाहूनच बाटली काउंटरवर ठेवायचा. तंबाखूची पुडी मागणाऱ्यालाही दुकानदार कधीमधी "कमी करा काका" म्हणतो. मला अकरा वर्षांत कुणी एका शब्दानं अडवलं नाही. आईनंही नाही. उलट गावी जाताना ती आठवण करून द्यायची, "थेंब लीधा का रे?"

एकदा पुण्याला निघालो होतो ट्रॅव्हल्सनं. मालेगाव गेल्यावर खिसा चाचपला, बाटली नाही. बॅग उपसली, नाही. मनमाडपर्यंत एक नाकपुडी बंद झाली, येवल्यापर्यंत दुसरी. नाक बंद असलेल्या माणसाला पाण्यात बुडाल्यासारखं होतं म्हणतात. तसं नाही होत. तोंडानं श्वास चालूच असतो, पण डोकं ते मान्य करत नाही. छातीत धडधड सुरू होते. रात्री दीडला गाडी ढाब्यावर थांबली. मी चहाची टपरी, पंक्चरवाला, पेट्रोल पंपावरचा पोरगा, सगळ्यांना विचारत फिरलो, जवळपास मेडिकल उघडं आहे का. शेवटी एका ट्रकच्या क्लीनरनं डॅशबोर्डवरून स्वतःची अर्धी बाटली काढून दिली. दुसऱ्याच्या नाकात जाऊन आलेली बाटली. मी ती शर्टाच्या टोकानं पुसली आणि टाकली नाकात. विद्यार्थ्यांना मी स्वच्छतेचा धडा शिकवतो, हे त्या वेळी आठवलं नाही.

शेवटी धुळ्याच्या कान-नाक-घसा डॉक्टरांकडे गेलो ते २०२१ च्या दिवाळीनंतर, आणि तेही मास्कमुळे. मास्क लावून, बंद नाकानं, चाळीस मुलांना प्रकाशाचं परावर्तन शिकवून बघा.

त्यांनी एक बारीक दुर्बीण नाकात घातली आणि पडद्यावर मला माझंच नाक दाखवलं. नाकाच्या बाजूच्या भिंतींना आतून मांसल वळ्या असतात, टर्बिनेट म्हणतात त्यांना. माझ्या त्या वळ्या लालबुंद, सुजून मधल्या पडद्याला टेकलेल्या. गाव ज्याला अकरा वर्षं हाड म्हणत होतं ते हेच. डॉक्टरांनी विचारलं, "थेंब किती वर्षं?" मी आकडा सांगितला. ते रागावले नाहीत, नुसते लिहीत राहिले. मग म्हणाले, "ॲलर्जी तुमची आहेच, पण यातली निम्मी सूज थेंबांची आहे."

थेंब नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून सूज मिनिटात उतरते. असर गेला की त्याच वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात. पुन्हा थेंब, पुन्हा आवळणं, पुन्हा जास्त फुगणं. सावकाराचं व्याज जसं. मुद्दल होतं एका हिवाळ्याचं.

ॲलर्जीची चाचणीही झाली. आधी काही दिवस सर्दीच्या गोळ्या बंद ठेवायच्या, मग हाताच्या आतल्या बाजूला पेनानं आकडे टाकून प्रत्येक आकड्याशी एक थेंब आणि त्यावर सुईची हलकी टोचणी. पंधरा-वीस मिनिटं हात टेबलावर ठेवून बसायचं. मला खात्री होती की कापसाचं काहीतरी फुगणार. फुगलं गाजर गवत. आणि त्याहून मोठी, रुपयाएवढी गांध आली ती धुळीतल्या किड्याची, डोळ्यांना न दिसणाऱ्या माइटची.

गाजर गवत म्हणजे आमच्या बांधाबांधावरचं काँग्रेस गवत. हे मूळ अमेरिकेकडचं, भारतात त्याची नोंद पुण्यात १९५५ च्या सुमारास झाली आणि पुढे ते देशभर पसरलं. पावसाळ्यानंतर त्याला पांढरी फुलं येतात. आणि माइट राहतात गाद्या-गोधड्यांत, माणसाच्या अंगावरून झडणाऱ्या कोंड्यावर. म्हणजे मी दरवर्षी जिनिंगला शिव्या घालत ज्या गोधडीत तोंड खुपसून झोपत होतो, ती गोधडीच. आमच्याकडे घट बसायच्या आधी गावातल्या साऱ्या बाया गोधड्यांचे डोंगर घेऊन नदीवर जातात, धुऊन वाळूवर पसरतात, दुपारी त्या वाळूवर पाय ठेववत नाही. डॉक्टर म्हणाले, माइट मारायला साठेक अंशांचं गरम पाणी लागतं, पण नुसतं धुऊन कडक उन्हात वाळवलंत तरी बराच फरक पडतो, फक्त वर्षातून एकदा करून भागत नाही.

मग त्यांनी चिठ्ठी लिहिली. थेंब बंद करायचे, पण एकदम नाही. आधी एका नाकपुडीत बंद, ती मोकळी राहायला लागली की दुसरीत. आणि सोबत रोज सकाळी एक स्प्रे, फ्लुटिकासोन, प्रत्येक नाकपुडीत दोन फवारे. "हे स्टिरॉइड आहे," ते सहज म्हणाले, "पण घाबरू नका."

'घाबरू नका' म्हटलं की घाबरायचं असतं, हे कोविडनं शिकवलंच होतं.

मेडिकलवाल्यानं खोकं उलटंपालटं केलं आणि आवाज खाली आणला. "सर, हे स्टिरॉइड आहे हां. जपून." अकरा वर्षं ज्यानं न विचारता थेंब दिले, तोच हा. घरी आल्यावर आईनं खोकं हातात घेतलं, धाकट्या पुतण्याकडून वाचून घेतलं आणि मला हाक मारली. "आंडोर, हाई काय शे?" मी सांगितलं. ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "आजीनं काय व्हयनं व्हतं, इसरी गया का?"

विसरलो नव्हतो. कसा विसरेन?

आजीचे गुडघे गेलेले. उंबरा ओलांडताना चौकटीला धरून उभी राहायची. मी आठवीत असताना शेजारच्या गावातला एक 'डॉक्टर' कागदाच्या पुडीत बारीक पांढऱ्या गोळ्या द्यायला लागला. सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक. नाव विचारायचं नाही, पुडीवर काही लिहिलेलं नाही. चौथ्या दिवशी आजी स्वतः विहिरीवर गेली. कानबाई देवीच्या रोटांच्या सणाला रात्रभर बसली. सगळ्या भाऊबंदकीत त्या डॉक्टरचं नाव झालं. वर्षभरात आजीचा चेहरा गोल झाला, गाल भरले. सगळे म्हणायचे, म्हातारी अंगानं भरली, तब्येत सुधारली. हातापायाच्या काड्या होत चालल्या होत्या, ते लुगड्यात झाकलेलं. काकडीची साल निघावी तशी हाताची कातडी नुसत्या घासण्यानं निघायची. मग साखर निघाली. मग एक दिवस तो डॉक्टर गाव सोडून कुठेतरी निघून गेला, पुड्या बंद झाल्या, आणि आठवड्याभरात आजी उलट्या करत अंगणात कोसळली. जळगावच्या दवाखान्यात वाचली. तिथल्या डॉक्टरांनी घरात उरलेली एक गोळी पाहिली आणि सांगितलं, डेक्सामेथासोन. म्हणजे स्टिरॉइडच. पुढच्या उन्हाळ्यात खाटेवरून उतरताना तिचं खुब्याचं हाड मोडलं. ती पुन्हा उभी राहिली नाही.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. त्या शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवतात. बाहेरून रोज मिळायला लागलं की त्या काम सोडतात. आणि बाहेरचं अचानक थांबलं की त्यांना जाग यायला वेळ लागतो, तेवढ्यात माणूस जाऊ शकतो. हे मी पुढे पुस्तकात वाचलं. १९४८ साली अमेरिकेत संधिवातानं जखडलेल्या एका बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन टोचलं, काही दिवसांत ती चालू लागली, आणि १९५० मध्ये हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन या तिघांना त्या कामाचं नोबेल मिळालं. ते वाचताना मला आजीच विहिरीवर जाताना दिसली.

त्यात २०२१ चा मे महिना ताजा होता. टीव्हीवर रोज काळी बुरशी. कोविडमध्ये दिलेली भरमसाठ स्टिरॉइडं, त्यात मधुमेह, आणि मग नाकापासून डोळ्यापर्यंत चढणारी म्युकर. आमच्या नात्यातल्या एकाचा डोळा काढावा लागला. आईच्या डोक्यात हिशोब पक्का: स्टिरॉइड, नाक, डोळा. तिनं स्प्रेची बाटली उचलून दादर ज्वारीच्या पिठाच्या डब्यामागे ठेवून दिली. मी शोधली तेव्हा तिला पीठ लागलेलं होतं.

तिचं चुकलं होतं असं मला आजही म्हणवत नाही. ज्या शब्दानं घरातलं एक माणूस नेलं त्या शब्दाला घाबरायचं नाही तर कशाला? फक्त तो शब्द पुडीवर कधी लिहिलेला नव्हता आणि खोक्यावर ठळक लिहिलेला होता. गावात गजकर्णाच्या ज्या ट्यूबा स्वस्तात मिळतात, पोरं गोरं व्हायला तोंडाला चोळतात, त्यांतल्या कितीकांत जोरदार स्टिरॉइड असतं. त्यांना कुणी डब्यामागे लपवत नाही.

मग मी आईसमोर गणित मांडलं. आजीच्या गोळ्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या धरल्या तरी दिवसाला तीन, म्हणजे १५०० मायक्रोग्रॅम, बहुतेक सगळं पोटातून रक्तात. माझा स्प्रे एका फवाऱ्याला ५० मायक्रोग्रॅम, चार फवारे, २००. त्यातलं बरंचसं नाकातच काम करतं, थोडं घशातून पोटात उतरतं आणि तिथून यकृतात गेलं की यकृत ते मोडून टाकतं. रक्तात पोचतो तो वाटा २ टक्क्यांहूनही कमी. २०० तले ४ मायक्रोग्रॅमसुद्धा नाहीत. दोन्ही औषधांची ताकद सारखी नाही, त्यामुळे हा हिशोब काटेकोर नाही, पण फरक केवढा ते कळतं. मोमेटासोन नावाच्या दुसऱ्या स्प्रेचंही असंच. बेक्लोमेथासोन किंवा बुडेसोनाइड हे जुने स्प्रे त्यामानानं जास्त रक्तात उतरतात. आई ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तू मास्तर आहेस, तुला कुणी गणितात हरवायचं?" म्हणजे पटलं नव्हतं. पण बाटली परत लपवली नाही.

पहिला आठवडा वाईट गेला. थेंब एका नाकपुडीत बंद, आणि स्प्रेनं काहीच होईना. थेंबांची सवय लागलेल्या माणसाला मिनिटात निकाल हवा असतो. हे औषध तसं नाही. ते पेशीत शिरतं, पेशीच्या केंद्रकापर्यंत जातं आणि तिथून सूज आणणारी रसायनं तयार करण्याचे हुकूमच बदलून आणतं. खालच्या टेबलावर फाइल न अडवता थेट मंत्रालयातून जीआर काढून आणण्यासारखं. तेव्हा वेळ लागणारच. बारा तासांत कुठे सुरुवात, आणि पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे. ज्यांना ठरावीक हंगामात त्रास होतो त्यांनी म्हणूनच हंगामाच्या आधी पंधरा दिवस सुरू करायचं, आणि बरं वाटतंय म्हणून मधे एक दिवसाआड करायचं नाही.

नवव्या दिवशी फळ्यावर भिंगाची आकृती काढत असताना वरच्या ओठावर काहीतरी ऊन लागलं. रक्त. पांढऱ्या शर्टावर तीन थेंब. मुलं एकदम चिडीचूप. मी रुमाल लावून घरी आलो आणि आईनं एक शब्दही न बोलता शर्ट गार पाण्यात भिजत घातला. ते न बोलणं भारी होतं.

धुळ्याला फोन केला. डॉक्टर म्हणाले, या आणि बाटली घेऊन या. माझ्यासमोर फवारा मारून दाखवा. मी उजव्या हातानं उजव्या नाकपुडीत, डोकं मागे टाकून, नळी सरळ मधल्या पडद्याकडे धरून जोरात ओढला. त्यांनी कपाळाला हात लावला. मग शिकवलं. आधी शिंकरून नाक साफ. बाटली हलवायची. नवी असेल तर हवेत काही फवारे सोडून द्यायचे, बारीक धुकं निघेपर्यंत. डोकं थोडं खाली, पायांकडे बघितल्यासारखं. आणि हात उलटा: उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, डाव्या हातानं उजव्या. म्हणजे नळीचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याकडे वळतं. मधला पडदा नाजूक, तिथे रोज फवारा आदळला की कोरडेपणा, खपली, रक्त. वर्षानुवर्षं तसंच चाललं तर क्वचित त्या पडद्याला भोकही पडतं. श्वास हळू घ्यायचा, गुलाबजल हुंगल्यासारखा. जोरात ओढलं की औषध नाकाला चाटून घशात.

त्यांनी गुलाबजल म्हटलं ते उगाच नाही. माझ्या स्प्रेला खरंच फुलासारखा वास आहे. त्यातल्या एका टिकवण्याच्या घटकाचा तो, फिनाइल इथाइल अल्कोहोल, गुलाबात असतं तेच. मला तो वास आहे हे मात्र तेव्हा त्यांच्याकडून कळलं.

रक्त चार दिवसांत थांबलं. तीन आठवड्यांनी दुसऱ्या नाकपुडीतले थेंबही सुटले. उशीखाली हात जायचा तो पुढेही महिनाभर जात राहिला.

डिसेंबरच्या शेवटी एका रविवारी मळ्यात भरीत होतं. पऱ्हाट्यांचा, कापसाच्या काड्यांचा, ढीग पेटवून त्यात बामणोदची हिरवी वांगी टाकलेली. मी विहिरीपाशी, चांगला शंभर पावलांवर, हात धूत होतो. आणि काहीतरी आलं. आधी नुसता धूर, मग त्याच्या मागून करपणाऱ्या सालीचा गोडसर वास, मग कुणीतरी बडगीत हिरवी मिरची आणि लसूण ठेचायला घेतला त्याचा ठसका. मी तसाच ओल्या हातांनी उभा राहिलो. बायकोनं लांबून ओरडून विचारलं, काय झालं? मला सांगता येईना. पऱ्हाटी ओली असली की तिचा धूर वेगळा, वाळली की वेगळा, हे मला लहानपणी कळायचं. ती ओली होती.

तेव्हापासून आमच्या नात्यात मी नाकाचा सल्लागार झालो आहे, हा एक नवाच ताप. धुळ्याच्या बहिणीचा मुलगा आठ वर्षांचा, तोंड उघडं ठेवून झोपतो. त्यालाही स्प्रे लिहून दिला तर तिचा फोन, "दादा, उंची खुंटते म्हणतात." अगदी खोटं नाही ते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षभर बेक्लोमेथासोनचा स्प्रे घेणारी मुलं इतरांपेक्षा ०.९ सेंटिमीटर कमी वाढली होती. त्याच वर्षी मोमेटासोनवरचा तसाच अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात फरक दिसला नाही. मी तिला म्हटलं, डॉक्टरांना कमीत कमी डोस विचार, दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनी पेन्सिलनं खूण कर, आणि खुणा डॉक्टरांना दाखव. एचआयव्हीवरची रिटोनाविरसारखी औषधं चालू असतील तर फ्लुटिकासोन यकृतात नीट मोडत नाही, अंगात साठून आजीच्या गोळीसारखंच वागतं. हेही मी कुणालातरी वेळेवर सांगू शकलो. बाकी सल्ला एकच, थेंबांची बाटली फेका. तो कुणी ऐकत नाही.

गेल्या हिवाळ्यात आईला सर्दी झाली. नाक चोंदलं, रात्री झोप नाही. सकाळी मी आरशासमोर वाकून, उलट्या हातानं फवारे मारत होतो. ती मागे येऊन उभी राहिली. थोडा वेळ बघत होती. मग पदर खोचला आणि हात पुढे केला. "दे ते गुलाबाचं पाणी. मीबी मारते दोन."

मी बाटलीचं टोपण लावलं. आईला काचबिंदू आहे, रोज रात्री डोळ्यांत थेंब घालते. स्टिरॉइडनं काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो, नाकातल्या फवाऱ्यानं तो धोका कमी, पण तिच्या डोळ्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि साध्या सर्दीवर याचा उपयोगही नाही. मी म्हटलं, "आई, हे स्टिरॉइड आहे."

"मालूम शे मले," ती म्हणाली. "तुला चालतं, आणि मला नाही?"

दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून स्वतःच हुंगत बसली. मी बाटली कपाटात वरच्या फळीवर ठेवली, तिचा हात पुरणार नाही अशी.